आधीं कोणाचें काम ?

आमच्या मोहोळच्या घरांत माणसें अकरा आणि संगणक एक. पूर्वी माजघराच्या ज्या कोपऱ्यांत जमाखर्चाची पेटी असे, तेथेंच तो बसविला आहे. आणि पेटीपुढें जशी तेव्हां रांग लागे, तशीच आतां त्याच्यापुढें लागते. धाकट्या बंधूंच्या दुकानाचा हिशेब, सुनेच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, नातवंडांचा अभ्यास, थोरले बंधु तात्या यांचीं कीर्तनें आणि आमचा जुन्या कागदांचा नाद, हीं सारीं कामें त्या एका यंत्रावर चालतात. यंत्र जुनें आहे. त्याची साठवण फिरत्या तबकडीची, म्हणजे जिला डिस्क म्हणतात तिची आहे. पुण्याच्या पुतण्यानें २०२० सालीं त्यावर लिनक्स बसवून दिलें, तेव्हांपासून तें विनातक्रार चालत आलें. आणि म्हणूनच त्याच्या पोटांत काय घडतें याची चौकशी आम्ही कधीं केली नाहीं. दोन वर्षांपूर्वींच्या ज्येष्ठांत ती करण्याची पाळी आली.

आमच्या घराण्याचे इनामाचे व वाटपाचे कागद, खासगी पत्रें, कांहीं मोडींतलीं, कांहीं बाळबोध, यांचीं छायाचित्रें घेऊन आम्ही त्या संगणकांत ठेवलीं आहेत. तीं सर्व एका गठड्यांत बांधून पुण्यास धाडावयाचीं होतीं. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर साडेनऊच्या सुमारास आम्ही गठडें बांधण्याची आज्ञा यंत्रास दिली. त्याच रात्रीं बारा वाजेपर्यंत आमच्या थोरल्या नातीस एका महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज पाठवावयाचा होता. हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. ठाऊक होतें, आणि म्हणूनच पुतण्यानें शिकविलेली खबरदारी आम्ही घेतली होती. आज्ञेच्या आरंभीं 'आयोनाइस' हा शब्द आणि तिसऱ्या वर्गाचा आंकडा घातला होता. त्याचा अर्थ असा कीं, दुसऱ्या कोणाचेंहि काम नसेल तेव्हांच डिस्कनें या कामाकडे पाहावें. घरांतील वडील माणसानें आपलें ताट सर्वांच्या मागून वाढून घ्यावें, तशांतला हा प्रकार. आज्ञा देऊन आम्ही निश्चिंतपणें ओसरीवर येऊन बसलों.

दहा वाजतां नात अर्ज भरावयास बसली. गुणपत्रिका व दाखले यांच्या प्रती ठराविक आकाराच्या करून अर्जास जोडावयाच्या होत्या. चित्रें लहान करण्याचा कार्यक्रम उघडावा तर तो उघडेना. उघडला तर चित्र येईना. चित्र आलें तर तें साठवलें जाईना. पडद्यावर तें वाट पाहावयास लावणारें चक्र तेवढें फिरत राहिलें. इंटरनेट मंद असेल म्हणावें, तर शेजारीं बसलेल्या तिच्या भावाच्या फोनवर तेंच इंटरनेट सुरळीत चाललें होतें. गठडें बांधणें मध्येंच थांबवावें असें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं, कारण तें सर्वांत खालच्या वर्गांत चाललें आहे, त्याचा उपद्रव होणें शक्य नाहीं, असें आम्हीच छातीठोकपणें सर्वांस सांगितलें होतें. चौथा दाखला जोडून झाला तेव्हां बारा वाजून सहा मिनिटें झालीं होतीं आणि पलीकडचें दार मिटलें होतें.

नातीनें आम्हांस एका शब्दानें दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें झालें असतें. पुढच्या फेरींत तिला प्रवेश मिळाला, परंतु हव्या त्या शाखेंत नव्हे. आठ दिवसांनीं देवापुढें वात लावून ती आमच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर सर्वांत खालचा वर्ग दिला होता. मग तुमचें काम माझ्या पुढें गेलें कसें ?"

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. तें मिळवून, नीट पचवून, चार वाचकांपुढें मांडण्याइतकें होण्यास दोन पावसाळे गेले. या महिन्याचें प्रकरण त्या एका प्रश्नापुरतेंच आहे.

प्रथम पुतण्यास फोन केला. पुण्यांत वेरिटाससारख्या कंपन्यांमुळें १९९० नंतरच्या काळापासून साठवणीच्या विद्येंत रमलेली तरुण मंडळी पुष्कळ. त्यांपैकींच तो एक आहे. तो म्हणाला, "काका, ती आज्ञा तुमच्या कर्नलनें ऐकलीच नसेल." तात्या शेजारींच होते. त्यांनीं विचारलें, "हा कर्नल कोणत्या पलटणीचा ?" पलटणीशीं याचा संबंध नाहीं. फळाच्या कवचाआंत जो गर असतो त्याचें हें नांव, आणि संगणकाच्या सर्व कारभाराचा जो अगदीं आंतला भाग त्यास तें दिलें आहे. आम्ही त्यास गाभा म्हणूं. देवळांत गाभाऱ्यांत भक्तास जातां येत नाहीं, नारळ पुजाऱ्याच्या हातीं द्यावा लागतो. तसें कोणत्याहि कार्यक्रमास डिस्कला हात लावतां येत नाहीं. अमुक पान वाचून द्या, अमुक पान लिहून घ्या, अशी मागणी तो गाभ्याकडे देतो. मागण्या अनेक, डिस्क एक. तेव्हां आधीं कोणाची, हें ठरविणें गाभ्याकडे आलें.

यांत एवढें अवघड काय, असें वाचकांस वाटेल. अडचण डिस्कच्या घडणींत आहे. साध्या डिस्कची तबकडी मिनिटास ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास १२०. तिच्यावर एक हात आंतबाहेर सरकतो. हवें तें वर्तुळ गांठण्यास त्या हातास सरासरीनें सेकंदाचे आठनऊ हजारांश लागतात, आणि मग हवी ती जागा फिरत हाताखालीं येईपर्यंत आणखी चार. विखुरलेल्या जागांवरच्या मागण्या असतील तर सेकंदास ऐंशीच्या आसपास पुऱ्या होतात. प्रत्येकींत ४ किलोबाइट मिळाले तर सेकंदास जेमतेम ३२० किलोबाइट पदरांत पडतात. तोच हात एका जागीं टेकून सलग वाचूं लागला तर सेकंदास १०० मेगाबाइटांवर वाचतो. तीनशेंपट फरक ! म्हणून हाताची धांवपळ वांचविणें हेंच गाभ्याचें पहिलें धोरण असतें, आणि न्यायाचा विचार त्याच्या मागून येतो. या गोष्टींतील सारा घोटाळा या एका वाक्यांत आहे.

धांवपळ वांचविण्याची युक्ति जुनी आहे. आय.बी.एम. कंपनीनें १९५६ सालीं पहिलें डिस्कयंत्र विकावयास काढलें. त्यांत दोन दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या असत, आणि सारें मिळून ५० लाख अक्षरें मावत. त्याचा हात तबकड्यांच्या बाजूनें खरोखरीच उद्वाहकासारखा वर-खालीं जाई. पुढें तबकड्या लहान झाल्या, प्रत्येकीस स्वतंत्र हात मिळाला, पण उद्वाहकाची रीत राहिली. वर जातांना वाटेंतले सारे मजले घ्यावे, मग खालीं येतांना वाटेंतले घ्यावे. आधीं कोणी बोलाविलें तें पाहूं नये. पीटर डेनिंग या अमेरिकन पंडितानें १९६७ सालीं या रीतीचें गणित मांडलें. काम एकंदरीनें पुष्कळ होतें, हा तिचा गुण. परंतु खालच्या मजल्यावर एकसारखी गर्दी लोटत राहिली तर वर एकटा उभा असलेला मनुष्य ताटकळतो. आमचें गठडें म्हणजे ती गर्दी, आणि आमची नात वर उभी होती.

लिनक्सच्या गाभ्याच्या या विभागाचा कारभार येन्स आक्सबो नांवाचा एक डॅनिश गृहस्थ वर्षानुवर्षें पाहत आला आहे. त्यानें उद्वाहकाच्या रीतीस मुदतीची जोड दिली. वाचण्याच्या मागणीस अर्ध्या सेकंदाची मुदत, लिहिण्याच्या मागणीस पांच सेकंदांची; मुदत टळली कीं, हात असेल तेथून उचलून त्या मागणीकडे न्यावयाचा. वाचणाऱ्यास दहापट कमी मुदत कां ? तर वाचणारा दारांत उभा असतो, पान हातीं पडल्यावांचून त्याचें पुढचें पाऊल पडत नाहीं. लिहिणारा मात्र चिठ्ठी ठेवून आपल्या कामास निघून जातो. आमच्या जुन्या वाड्यांत आड होता आणि दोर एकच. आधीं पूजेचें सोंवळें पाणी, मग स्वयंपाकाचें, मग स्नानाचें, शेवटीं धुण्याचें, हा क्रम कोणी मोडीत नसे. परंतु धुण्याची बादली दोनदां मागें सरली तर तिसऱ्या खेपेस ती आधीं भरावयाची, असा आमच्या आजीचा दंडक होता. नाहींतर धाकट्या सुनेचें धुणें दुपारपर्यंत आडावरच पडून राहतें. आजीनें डेन्मार्क कोठें आहे हें ऐकलेंहि नव्हतें.

आडावरचीच आणखी एक गोष्ट. पूजेचें पाणी नेणारी सून एक कळशी देवघरांत ओतून लगेच परत यावयाची असे. तेवढ्यांत दोर धुण्याच्या हातीं गेला तर तिचा खोळंबा होई. म्हणून शहाणी माणसें दोर क्षणभर तसाच राहूं देत. वाचणाऱ्या कार्यक्रमाचेंहि तसेंच असतें. एक पान घेतो, क्षणभर त्यावर विचार करितो, आणि लगतचेंच पुढचें पान मागतो. त्या क्षणभरांत गाभ्यानें हात दूर धाडला तर दोन्हीं बाजूंचें नुकसान. सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल या दोघांनीं राइस विद्यापीठांत २००१ सालीं हें दाखवून दिलें. या भासमान विश्रांतीस त्यांनीं फसवा रिकामपणा असें नांव दिलें, आणि डिस्कला सेकंदाचे कांहीं हजारांश मुद्दाम स्वस्थ बसविल्यानें एकंदर काम वाढतें, हें सिद्ध केलें. स्वस्थ बसून काम वाढतें हें वाचून आम्हांस स्वतःपुरतें समाधान वाटलें. घरांत तें कोणास पटलें नाहीं.

आतां वर्गांकडे येऊं. आक्सबोनें पुढें पूर्ण न्यायाची रांग या अर्थाच्या नांवाची रीत तयार केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सी-एफ-क्यू म्हणत. तींत प्रत्येक कार्यक्रमास डिस्कच्या वेळेचा वांटा मिळे, आणि २००५ सालीं वांट्यांत तीन वर्ग आले. पहिला वर्ग तातडीचा : त्याचें काम असेपर्यंत इतरांकडे पाहावयाचें नाहीं. तो इतरांस उपाशी मारूं शकतो, म्हणून यंत्राच्या मुख्य अधिकाऱ्यावांचून कोणास तो मागतां येत नाहीं. दुसरा वर्ग सर्वसाधारण, आणि त्यांत शून्यापासून सातपर्यंत आठ पायऱ्या. शून्य सर्वांत वरची, आणि कांहीं न सांगतां मिळते ती चौथी. तिसरा वर्ग फुरसतीचा, जो आम्ही मागितला होता. कोणत्या कामास कोणता वर्ग हें सांगावयाचें साधन म्हणजे आयोनाइस. पुढच्याच वर्षीं, २००६ सालीं, ही रांग लिनक्समध्यें मुळांतच बसलेली येऊं लागली, आणि पुष्कळ वर्षें ठीक चालली. मायक्रोसॉफ्टनेंहि २००७ च्या व्हिस्टामध्यें अशाच पायऱ्या आणल्या, आणि शोधसूची करणें, डिस्क आवरणें असलीं पडद्यामागचीं कामें सर्वांत खालच्या पायरीवर बसविलीं.

मग आमच्या आज्ञेचें झालें काय ? पुतण्या गणपतींत घरीं आला तेव्हां त्यानें यंत्र उघडून पाहिलें. कारण एक नव्हतें, तीन होतीं.

पहिलें कारण ऐकून आम्ही थक्क झालों. मधल्या काळांत हात नसलेली, फिरती तबकडी नसलेली साठवण आली. ती सेकंदास ऐंशी नव्हे, लाखों मागण्या पुऱ्या करूं शकते. तिच्यापुढें एकाच रांगेंत सर्वांस उभें करणारी जुनी व्यवस्था थिटी पडली, म्हणून गाभ्याचा हा विभाग अनेक रांगांचा करून नव्यानें बांधण्यांत आला. आणि २०१९ च्या मार्चमध्यें निघालेल्या ५.० या आवृत्तींत जुनी व्यवस्था पूर्ण न्यायाच्या रांगेसकट काढून टाकण्यांत आली. आमच्यासारख्या साध्या डिस्का पुष्कळ ठिकाणीं मुदतीच्या रीतीच्या नव्या अवताराकडे गेल्या. त्यास मुदत कळत होती, पण वर्ग कळत नव्हता. तो त्यास कळूं लागला २०२१ च्या ५.१४ या आवृत्तींत. आमच्या यंत्रांतील गाभा त्याच्या आधींचा होता. म्हणजे आम्ही दिलेली आज्ञा स्वीकारली गेली, आमच्या कामाच्या नांवापुढें टिपलीहि गेली, आणि ती टीप वाचणारा कारकून कचेरींत उरलाच नव्हता. आणि आज्ञा व्यर्थ गेली असें एका अक्षरानें कोणी कळविलें नाहीं. नाकारणें निराळें आणि होय म्हणून न करणें निराळें; पहिल्यांत मनुष्य सावध तरी होतो.

परंतु मुदत तर कळत होती ना ? अर्ध्या सेकंदांत पान मिळावयास हवें होतें. मग दोन तास कसे गेले? येथें एक साधा गुणाकार आहे, आणि तो आम्हांस पुतण्यानें पाटीवर करून दाखविला. चित्रें लहान करण्यासारखा कार्यक्रम उघडतांना हजारभर लहान लहान वाचनें करितो, आणि पुष्कळदां एक हातीं आल्यावांचून दुसरें काय मागावयाचें हें त्यास कळत नाहीं. प्रत्येकास सेकंदाचा दहावा भाग थांबावें लागलें, म्हणजे मुदतीच्या पुष्कळ अलीकडेच तें पुरें झालें, तरी हजारांचे शंभर सेकंद होतात. एकहि मुदत मोडलेली नाहीं आणि माणूस मात्र पावणेदोन मिनिटें पडद्याकडे बघत बसला आहे ! शिवाय ती मुदत म्हणजे हमी नव्हे, धोरण आहे.

दुसरें कारण लिहिण्यासंबंधींचें. कार्यक्रम जें लिहितो तें लगेच डिस्कवर जात नाहीं. गाभा तें स्मरणांत ठेवून घेतो, आणि मागाहून त्याचे हमाल सवडीनें तें डिस्कवर नेऊन टाकतात. यामुळें एरवीं कामास वेग येतो. पण हमाल जेव्हां गठड्याचीं पानें उचलतो, तेव्हां त्यावर आमच्या तिसऱ्या वर्गाची चिठ्ठी नसते. तो स्वतःच्या वर्गानें जातो. म्हणजे वर्ग कळणारा कारकून जागेवर असता तरीहि आमचें वाचणें तेवढें मागें राहिलें असतें, लिहिणें राहिलें नसतें. ज्याचें ओझें त्याच्याच खात्यावर हमाली मांडावी, अशी सोय २०१५ सालीं गाभ्यांत आली. परंतु ती कामांचे गट पाडून त्यांस वांटे ठरवून देण्याच्या निराळ्या व्यवस्थेंतून वापरावी लागते, आयोनाइसमधून नव्हे.

तिसरें कारण सर्वांत खोल आहे, आणि त्यासाठीं आम्हांस मोहोळच्या स्टेशनावर जावें लागेल. कुर्डुवाडी, म्हणजे त्या वेळचें बार्शी रोड, येथून मोहोळपर्यंत आगगाडी आली १८६० सालीं, आणि त्याच सालीं ती येथून पुढें सोलापुरास पोंचली. आमच्या लहानपणीं पुण्याकडचा मार्ग एकेरी होता. भिगवण ते मोहोळ हा तुकडा दुहेरी झाला तो अगदीं अलीकडे. एकेरी मार्गाचा नियम असा कीं, दोन स्टेशनांमधील तुकड्यांत एका वेळीं एकच गाडी. पूर्वी त्याची खूण म्हणून पुष्कळ मार्गांवर धातूचा गोळा वेताच्या कड्यांत घालून ड्रायव्हरच्या हातीं देत. गोळ्यावांचून गाडी पुढें काढावयाची नाहीं. मेल यावयाची असली कीं मालगाडीस बाजूच्या रुळावर घालीत, आणि मेल दणदणत निघून जाई. येथवर वर्गांचें राज्य. परंतु मालगाडी गोळा घेऊन तुकड्यांत शिरली असेल, आणि मग मेल आली, तर ? मेलचा मान कितीहि मोठा असो, ती थांबणार. त्या घटकेस मेलची तातडी मालगाडीच्या वेगांत अडकलेली असते. 'ती मालगाडी आहे, तिला सावकाश येऊं द्या' असें म्हणणारा कंट्रोलर मेलचाच घात करितो. त्या वेळीं मालगाडीस मेल समजून पुढें काढलें पाहिजे.

डिस्कवर हा गोळा कोणता ? दुकानदार जसा आधीं रोजकीर्द लिहितो आणि मग खतावणी करितो, तसें डिस्कवरील दप्तरहि आधीं रोजकिर्दींत नोंद करून मग जागच्या जागीं लिहिलें जातें, म्हणजे मध्येंच वीज गेली तरी हिशेब मोडत नाहीं. ही रोजकीर्द एकच, सर्व कार्यक्रमांची मिळून. एखाद्या कार्यक्रमानें 'माझें लिहिणें खरोखर डिस्कवर गेलें याची पावती द्या' असें म्हटलें, कीं रोजकिर्दीचें चालू पान पुरें करून मिटावें लागतें. आणि त्याच पानांत आमच्या गठड्याच्या नोंदी असतील तर त्याहि पुऱ्या कराव्या लागतात. नातीच्या चार ओळींच्या पावतीसाठीं आमचें अजस्र ओझें आधीं उतरावें लागे. ओझें खालच्या वर्गाचें असलें तर पावतीस अधिकच उशीर. म्हणजे तिच्या सोयीसाठीं आम्ही स्वतःस जितकें मागें लोटलें असतें, तितकी या दारांत तिचीच वाट अडली असती !

हा अनुभव आमचा एकट्याचा नाहीं. २००८ सालीं फायरफॉक्स या न्याहाळकाची तिसरी आवृत्ति निघाली. पाहिलेल्या पानांची यादी नीट राहावी म्हणून ती वरचेवर अशी पावती मागे. आणि लिनक्सचें त्या वेळचें प्रचलित दप्तर, ई-एक्स-टी-३, एका पावतीसाठीं सर्वांचें साचलेलें लिहिणें उतरवून घेई. मोठी नक्कल चालू असतां साधें पान उघडावें तर यंत्र कित्येक सेकंद निश्चल होई, आणि जगभर ओरड झाली. अखेर फायरफॉक्सनें पावत्या मागणें कमी केलें, आणि पुढच्या पिढीच्या ई-एक्स-टी-४ दप्तरानें साचलेल्या ओझ्याचा व पावतीचा संबंध पुष्कळ सैल केला. मात्र तो अगदीं तुटला नाहीं. त्याच दप्तरांत रोजकीर्द लिहिणाऱ्यास न मागतां तिसरी पायरी मिळते, म्हणजे सर्वसाधारण चौथीहून एक पायरी वर. ज्याच्या हातीं गोळा त्यास वर चढवा, ही जाणीव त्या एका आंकड्यांत आहे. १९९७ सालीं मंगळावर उतरलेलें पाथफाइंडर यान पुनःपुन्हां आपोआप बंद होऊन सुरू होई, त्याचेंहि कारण याच जातीचें निघालें. तेथें डिस्कचा प्रश्न नव्हता. हवामान टिपणाऱ्या एका दुय्यम कामानें सामाईक कुलूप धरून ठेवलें, आणि तांतडीचें काम त्यापाशीं अडलें. कुलूप ज्याच्या हातीं त्यास अडलेल्याचा दर्जा तेवढ्यापुरता द्यावा, हा उपाय पृथ्वीवरून धाडण्यांत आला आणि यान सुधारलें.

हें सारें नातीस सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे तुम्ही आयोनाइस लिहिलें नसतें तरी तेंच झालें असतें ?" होय, तेंच झालें असतें. "मग तुम्ही त्या रात्रीं घरीं नसतां तर बरें झालें असतें; आम्ही गठडें थांबवलें तरी असतें." तात्या हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं, कारण हिशेब बिनचूक होता. यंत्रानें जेवढें नुकसान केलें, त्याहून अधिक तें यंत्राबद्दलच्या आमच्या खात्रीनें केलें.

पुतण्यानें जातांना दोन फेरफार केले. एक, गाभा नवीन घातला. दुसरा, डिस्कची रांग बदलून बी-एफ-क्यू नांवाच्या रीतीकडे दिली. इटलींतील मोदेना विद्यापीठांतील पाओलो व्हालेंते यानें वाढविलेली ही रीत २०१७ सालीं लिनक्समध्यें घेण्यांत आली. ती वेळेऐवजीं डिस्कच्या प्रत्यक्ष कामाचे वांटे करिते, माणसासमोर उघडत असलेला कार्यक्रम कोणता हें मागण्यांच्या चालीवरून ओळखून त्यास कांहीं काळ झुकतें माप देते, आणि वर्गहि मानते. फेरफार झाल्यावर परीक्षा घेतली. आम्ही तेंच गठडें बांधावयास घातलें, नातीनें तोच कार्यक्रम उघडला, आणि तात्या घड्याळ धरून बसले. त्या रात्रीं ज्या उघडण्यास एक आख्खी आरती म्हणून झाली असती, तें आतां ताम्हण खालीं ठेवण्याइतक्या वेळांत झालें. मात्र चित्र साठवितांना यंत्र एकदां अडखळलें. "पावती," नात म्हणाली.

हात नसलेली साठवण घेतली तर हा सारा खटाटोप निम्म्याहून अधिक मिटेल, असें पुतण्या सांगतो, आणि तें खरें आहे. तिच्यांत दूर जवळ असा भेद फारसा उरत नाहीं, म्हणून गाभेहि तिच्यापुढें पुष्कळदां कांहींच क्रम न लावतां मागण्या तशाच पुढें ढकलतात. परंतु हजारों गिऱ्हाइकें एकाच साठवणीवर बसविणाऱ्या मोठमोठ्या कोठारांतून वांट्यांचा प्रश्न आजहि तितकाच जिवंत आहे. कोणत्या मागणीनें साठवणीचा किती वेळ खाल्ला याचा अंदाज बांधून वांटे मोजणारी नवी रीत २०१९ सालीं गाभ्यांत आली ती त्यांच्याचसाठीं. आमच्या घरीं अकरा माणसें आहेत, आणि तूर्त जुनीच डिस्क चालू आहे.

गठडीं आतां रात्रीं सारी निजानीज झाल्यावर बांधलीं जातात. आयोनाइस आम्ही अजून लिहितों. नात शिक्षणासाठीं सोलापुरास असते. शनिवारीं येते तेव्हां प्रथम यंत्रांत डोकावून रांगेचें नांव बदललें तर नाहीं हें पाहते, कारण गाभा नवा घातला कीं तें कधीं कधीं मूळपदावर जातें. यंत्राच्या कडेस तिनें स्वतःच्या अक्षरांत एक चिठ्ठी डकविली आहे. तींत लिहिलें आहे : "मोठें काम सुरू करण्यापूर्वीं माजघरांत विचारणें. — आजोबांसाठीं."